गोड्या पाण्याची पळी

मित्रांनो, मी एक जुनी पळी आहे. शिंगाची पळी. माझ्या काठाला एक तडा गेला आहे आणि तो हरणाच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवलेला आहे. दांडा मुठींमध्ये झिजून झिजून मधोमध बारीक झाला आहे. पाण्याच्या टाकीवर एका खिळ्याला मी टांगलेली असते. शेजारी चहाची किटली, खाली बुटांची रांग, खिडकीबाहेर पृथ्वीच्या उत्तर टोकाकडचा गोठलेला समुद्र. कढण वाढायला मला कोणी हात लावत नाही. माझं काम एकच. शिकारी सील मारून घरी आणतो, तेव्हा तिच्या तोंडात गोडं पाणी घालायचं. या कामाचा मला फार गर्व होता. आणि याच कामात माझ्या पोटातून एकदा असं काही गेलं, की ते आठवलं तर आजही हा तडा ठसठसतो. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी झाले एका लांब केसांच्या रानबैलाच्या शिंगातून. उक्पिक ही माझी पहिली मालकीण; तिचं लग्न झालं त्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने तो बैल मारला. मारल्यावर तो बैलाच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "आम्हाला भूक लागली होती. राग मानू नकोस." मग त्या बैलातलं काही म्हणजे काही वाया गेलं नाही. मांस खाल्लं, कातड्याचं अंथरूण झालं, हाडं फोडून मगज खाल्ला, आणि शिंगाची मी झाले. म्हणजे मी स्वतःच एक शिकार आहे. शिकारीला मान देतात म्हणजे काय करतात, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

शिंग दिवसभर उकळत्या पाण्यात ठेवलं. मऊ झाल्यावर गोल दगडावर दाबून खोलगट केलं आणि कातड्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधून बाहेर बर्फात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा मी पळी होते. उक्पिकने मला उलटसुलट करून पाहिलं.

"वाकडी झालीय," ती म्हणाली.

"बैलच वाकडा होता," नवरा म्हणाला.

मी थोडी वाकडीच आहे. ते असो.

पहिली सील आली तेव्हा उक्पिकने तिला ताज्या बर्फावर निजवलं, डोकं घराच्या दाराकडे करून. तिच्यावरून कोणी ओलांडून जायचं नाही. तिच्यासमोर फुशारकी मारायची नाही, तिला हसायचं तर मुळीच नाही. मला भरून तिने सीलच्या ओठांपाशी धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पी बाई. जन्मभर पाण्यात राहिलीस, पण सगळं मेलं खारट. पी, आणि घरी गेलीस की आमचं नाव सांग." आमची माणसं मानतात की सील मरत नाही, ती परत समुद्रात जाते आणि बाकीच्यांना सांगते, कुठल्या घरी तहान भागली. ज्या घरी भागली, त्या घरच्या शिकाऱ्यापुढे सील आपण होऊन येते. शिकारी तिला पकडत नाही. ती येते म्हणून तो शिकारी.

पाणी कुठलं असावं याबद्दल उक्पिकचा फार कटाक्ष असे. समुद्रावर याच वर्षी धरलेला बर्फ पांढुरका असतो आणि त्यात मीठ असतं. दोन-चार उन्हाळे पाहिलेला जुना बर्फ निळा दिसतो, त्यातलं मीठ गळून गेलेलं असतं. सीलसाठी निळाच बर्फ लागतो. समुद्राकाठच्या पोरी हे चालायला लागतात तेव्हापासून शिकतात. उक्पिक तर बर्फाचा खडा गालात धरून तो कुठल्या खाडीतला ते सांगायची. तिच्या हातात मी तीस-पस्तीस वर्षं होते, आणि त्या सगळ्या वर्षांत त्या घरात दिवा विझला नाही की हंडी रिकामी राहिली नाही. आसपासच्या मुक्कामांवरच्या बायका मला बघायला यायच्या. मी शेफारून गेले होते, खोटं कशाला बोलू.

पुढे बर्फाची घरं आणि तंबू गेले. सरकारने किनाऱ्यावर फळ्यांची घरं बांधली, दुकान आलं, दवाखाना आला, पाण्याची गाडी येऊन टाकी भरून जाऊ लागली. त्या पाण्याला औषधाचा वास यायचा. "हे माणसांनी प्यावं," उक्पिक म्हणायची, "सीलचं काय बिघडलंय औषध प्यायला?" सीलसाठी निळाच बर्फ यायचा. उक्पिकचा नवरा तोवर गेला होता. थोरला मुलगा कौताक शिकारीला जायचा, शेजारच्या घरात राहणारा धाकटा नौया त्याच्या बरोबर असायचा आणि बोलून बोलून सगळ्यांचं डोकं खायचा.

कौताकच्या बायकोचं नाव अर्नायोक. ती समुद्राकडची नव्हती. आत, तळ्यांच्या मुलखात हरणांमागे फिरणाऱ्या लोकांतली. तिकडे बर्फ म्हणजे तळ्याचा बर्फ, सगळा गोडाच. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तिच्या छातीत रोग निघाला आणि जहाजाने तिला दूर दक्षिणेतल्या इस्पितळात नेलं. तीन वर्षांनी ती विमानाने परत आली ती कापलेले केस आणि मऊ पडलेले हात घेऊन. कौताकला आभाळ ठेंगणं झालं. उक्पिकला मात्र ती सून परत आल्यासारखी वाटली नाही, कोणी पाहुणी आल्यासारखी वाटली.

"सूनबाई, ही सुई बरं का," उक्पिक म्हणायची. "टोकाकडून नाही धरायची."

"हो सासूबाई."

"तिकडे म्हणे खिडकीतून झाडं दिसायची. काय करतात झाडाचं? नुसतं बघतात?"

अर्नायोक मान खाली घालून शिवत राहायची. बोटं रक्ताळायची तरी टाका सोडायची नाही. या घरची व्हायला ती जिवाचं रान करत होती, आणि ते मला खिळ्यावरून दिसत होतं. उक्पिकलाही दिसत असणार. पण तिचा नवरा गेला होता, गुडघे गेले होते, उरलं होतं ते घरातलं मानाचं पान. ते सोडून द्यायला तिचा हात उघडत नव्हता.

सूर्य परत दिसू लागला त्या दिवसांत कौताकने सील आणली. बायको परतल्यानंतरची पहिली सील. दोघे भाऊ ती ओढत दारापर्यंत आले आणि नौया म्हणाला, "दादा, पोट बघ हिचं."

"दुकानदारासारखं आहे," कौताक म्हणाला.

दोघेही हसले. घटकाभरच. मग कौताकने एकदम तोंड मिटलं आणि सीलकडे पाहिलं. आनंदात होता तो. तीन वर्षांनी घरात सीलला पाणी पाजायला त्याची बायको होती.

उक्पिक अंथरुणावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "आज पाणी तू पाज, सूनबाई. जा, बर्फ घेऊन ये."

अर्नायोकचा चेहरा उजळला. मग ती जरा थांबून म्हणाली, "कुठून आणू?"

"कुठून आणतात ते माहीत नाही?"

"माहीत आहे," अर्नायोक म्हणाली.

मित्रांनो, माहीत नसताना "माहीत आहे" म्हणण्याची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्यालाच त्या पोरीचं मन कळेल. ती बादली घेऊन गेली. निळा बर्फ टेकडीच्या पलीकडच्या खाडीत होता. किनाऱ्यापाशी पांढऱ्या बर्फाचा उंचवटा होता, स्वच्छ, चकचकीत. तिने त्यातला फोडून आणला. बादली खाली ठेवली तेव्हा उक्पिकने नेहमीसारखा एक खडा उचलून गालात धरला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बर्फ वितळला. अर्नायोकने मला भरलं आणि माझ्या पोटात ते पाणी येताच मला कळलं. शिंगाला मीठ कळतं. पण पळीचं तोंड दुसऱ्याला पाजण्यापुरतं, बोलण्यासाठी नाही. तिने मला सीलच्या ओठांशी नेलं. "पी बाई," ती म्हणाली. शब्द एकही चुकला नाही. कौताक तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जी सील जन्मभर खारट पाण्यात राहिली, तिला आम्ही आमच्या घरात, हाताने, पुन्हा खारट पाणीच पाजलं.

मग अर्नायोकने तळाशी उरलेला घोट पिऊन टाकला, आणि ती जागच्या जागी थिजली. तिने सासूच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. कौताक सुरीला धार लावत होता. अर्नायोकने मला पुसलं आणि खिळ्याला अडकवून टाकलं.

त्यानंतर कौताकला सील मिळाली नाही.

आमच्याकडे शिकारी बर्फातल्या श्वासाच्या भोकापाशी उभा राहतो. सील श्वास घ्यायला वर येते तेव्हा भाला मारतो. तासन् तास, न हलता. कौताक सहा तास उभा राहायचा, मग आठ, मग दहा. नौयाला सील मिळाल्या, त्या त्याच्या घरी गेल्या. म्हाताऱ्या तगालिकला मिळाल्या. तगालिक हा कौताकचा वाटेकरी. आमच्यात शिकाऱ्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात, एकाच्या प्रत्येक सीलचे मागचे पंजे दुसऱ्याच्या घरी जातात. तगालिककडून पंजे येत राहिले, कौताककडून काही जाईना. पंजे आणून द्यायला तगालिक स्वतः यायचा थांबला, नातीला पाठवू लागला. कौताकने ते खाल्ले नाहीत.

"दादा, भोकापाशी उभा राहतोस की झोपतोस?" नौया एकदा म्हणाला.

कौताकने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पूर्वी तो यावर काहीतरी खवचट बोलला असता. त्याने हसणंच सोडलं होतं. कोणी विनोद केला की उठून बाहेर जायचा.

एका दुपारी तो हातमोजा शिवून घ्यायला बायकोपाशी बसला होता. अर्नायोकने सुई खाली ठेवली. "ऐक ना," ती म्हणाली. "त्या दिवशी, ती सील आणलीस त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी हसलो तिला," कौताक म्हणाला. "माहीत आहे मला. तू बोलून दाखवू नकोस."

अर्नायोकने सुई उचलली. मला तिचा असा राग आला होता, की खिळा सोडून तिच्या डोक्यात पडावंसं वाटलं. पण मीही त्याच पाण्याची भागीदार. तीन महिने मला कोणी हात लावला नाही. शिंगाला पाणी लागतं, चरबीचं बोट लागतं. चुलीच्या धगीने मी वाळत गेले आणि एके दिवशी माझ्या काठाला हा तडा गेला. आवाज झाला. उक्पिकने वर पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

वसंत आला, दिवस लांबले. बर्फाच्या कडेला, उघड्या पाण्यापाशी, सील दिसू लागल्या होत्या. जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटला होता. अशा वाऱ्यात कडेला कोणी जात नाही, कारण बर्फ तुटून माणसासकट वाहत जातो. नौया म्हणाला, "दादा, आज नको." कौताक म्हणाला, "उद्या मिळेल का?" आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तगालिक घरात आला. बूटही झटकले नाहीत. कडेचा बर्फ तुटला होता आणि कौताक त्याच्यावर वाहून गेला होता. नौया आणि आणखी दोघे होडी घेऊन बाहेर तयार होते.

"आम्ही निघतो आहोत," तगालिक म्हणाला. "पण बर्फावर पाय ठेवायच्या आधी मला कळलं पाहिजे. या घरात काय चुकलंय? जे असेल ते आता बोला. झाकलेलं घेऊन मी समुद्रावर जाणार नाही."

ही आमची जुनी रीत आहे. शोधायला निघायच्या आधी घरच्यांनी मन मोकळं करायचं असतं.

अर्नायोक उभी राहिली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. "मी त्या सीलला खारट पाणी पाजलं," ती म्हणाली. "मला बर्फातलं कळत नव्हतं. नंतर कळलं, तरी मी बोलले नाही. तुम्ही सगळे म्हणाला असता, ही आपली नाहीच. तो स्वतःला दोष देत होता आणि मी देऊ दिला."

तगालिक तिच्याकडे बघत राहिला. मग कोपऱ्यातून उक्पिकचा आवाज आला.

"पोरीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

सगळे वळले.

"मी खडा तोंडात घातला तेव्हाच कळलं मला. बोलले असते तर ओतून टाकलं असतं पाणी. पण म्हटलं, पाजू दे. एकदा चांगली तोंडघशी पडू दे, म्हणजे माझ्या घरात राणी होऊन बसायची नाही." म्हातारी भिंतीला धरून उभी राहण्याची धडपड करत होती. "मग माझाच पोरगा वाळत गेला डोळ्यांदेखत. रोज वाटायचं, आज सांगेन. रोज वाटायचं, उद्या सील मिळेल आणि सांगावंच लागणार नाही."

"तुम्हा दोघींच्या भांडणात त्या सीलला कशाला तहानलेलं ठेवलंत?" तगालिक म्हणाला आणि बाहेर पडला.

होडी एकीकडे गेली. इकडे अर्नायोकने सासूला घसरगाडीवर बसवलं आणि टेकडीपलीकडच्या खाडीपर्यंत स्वतः ओढत नेलं. उक्पिक बोटाने दाखवत होती. "हा नाही. हाही नाही. तो बघ, निळा." अर्नायोकने तो फोडला, एक खडा आपल्या तोंडात घातला, एक सासूच्या. तिथेच छोट्या स्टोव्हवर पाणी केलं. सीलच्या श्वासाच्या एका भोकापाशी दोघी गुडघे टेकून बसल्या आणि मला दोघींनी धरलं. तड्यातून पाणी गळत होतं. उक्पिक म्हणाली, "तुझी तहान राहिली ती माझ्यामुळे. त्याला सोड." ते गळतं पाणी त्या भोकात गेलं. याचा समुद्राला काय उपयोग झाला ते मला ठाऊक नाही. वारा त्याच दिवशी पडला, पण वारा कधीतरी पडतोच.

कौताक तिसऱ्या दिवशी सापडला, एका वाहत्या बर्फाच्या तुकड्यावर. जिवंत होता. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. त्या पायावर तो पुन्हा कधी भोकापाशी उभा राहू शकला नाही.

दवाखान्यातून आल्यावर दोघींनी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, तीन महिने मी हसलो नाही." एवढंच. त्यानंतर कित्येक दिवस तो दोघींशीही कामापुरतंच बोलला. अर्नायोकने माझा तडा शिवला तेव्हा उक्पिकने मला धरून ठेवलं होतं. टाके कसे घालायचे हे तिने आपण होऊन सांगितलं नाही. विचारल्यावर मात्र सांगितलं, आणि सरळ सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात उक्पिक गेली. त्यानंतर अर्नायोकला मुलगी झाली आणि तिचं नाव उक्पिक ठेवलं. आमच्याकडे गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की ते माणूसच परत आलं असं धरतात. म्हणून अर्नायोक आपल्या लेकीला "सासूबाई" म्हणते आणि कौताक तिला "आई" म्हणतो. परक्याला हसू येईल, आमच्यात कोणाला येत नाही.

मागच्या महिन्यात नौयाने सील आणली. कौताकच्या घरासाठी मारली म्हणून इथेच आणली. छोटी उक्पिक सहा वर्षांची आहे. निळा बर्फ वितळला, अर्नायोकने मला भरलं आणि लेकीपुढे धरलं. "सासूबाई, आधी तुम्ही चाखा."

पोरीने मला दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. एक थेंब ठेवला नाही. नौया म्हणाला, "आता सीलने काय प्यावं?"

कोपऱ्यात बसलेल्या कौताकला हसू फुटलं. मग त्याची नजर सीलकडे गेली आणि त्याने चटकन तोंडावर हात ठेवला. छोटी उक्पिक त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याचा हात ओढून खाली केला.

"हस रे," ती म्हणाली. "पाणी गोडं आहे."

कौताक हसला नाही. त्याने लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून कितीतरी वेळ बसून राहिला. अर्नायोकने मला पुन्हा भरलं.

मित्रांनो, मला लखलखीत ठेवा असं मी म्हणत नाही. अधूनमधून पाणी दाखवा आणि चरबीचं बोट लावा, मला तेवढं पुरे. पण जो जीव तुमच्यासाठी मेला, त्याच्या तोंडी काही घालायच्या आधी एक थेंब आपल्या जिभेवर घ्या. आणि खारट लागलं, तर तेव्हाच बोला.